पाहुण्याचे पान आणि रांधणारा हात

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "परदेशी पाहुण्याचे जेवण : कोरियात आणि मुंबईत." चालक आमच्या तोंडाकडे पाहू लागले. कामगार-चळवळीत केस पांढरे झालेला माणूस पगारावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर गिरणी-संपाचा इतिहास सांगेल. पण बारा-बारा वाढप्यांच्या श्रीमंती पंगतीशी त्याचा संबंध काय, आणि मुखेडच्या श्रोत्यांना तरी तिचे काय होय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो.

आपला तालुका बालाघाटच्या डोंगरांतला, बहुतांशी कोरडवाहू. इथली मुले पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात आणि त्यांतली पुष्कळशी हॉटेलांत चिकटतात. कुणी मोरीवाला, कुणी बाहेरवाला, कुणी वाढपी, आणि नशीब जोरावर असले तर कुणी आचाऱ्याच्या हाताखाली. अशा मुलांत आमचे आयुष्य गेले. एकदा मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी सभा आटोपून आम्ही उभे असता आपल्याच बाजूचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "काका, आज कोरियाचे पाहुणे होते. चौदा वेळा ताटल्या बदलल्या. सगळ्या म्याच घासल्या. पण त्यात काय होतं, ते कुणी सांगितलं नाही." मुलगा तक्रार करीत नव्हता, सहज बोलला. पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. त्या ताटल्यांत काय होते, ते तिथवर कसे आले, आणि घासणाऱ्याला ते का कळू नये, याचा शोध घेण्यासाठी आम्ही वाचू लागलो. आमची शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय आणि युनियनच्या कचेरीतले कपाट. तिथे जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

कोरिया आपल्याला वाटतो तितका दूर नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा धाग्याचा कारखाना उभा आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. १९५३ साली कोरियातले युद्ध थांबले तेव्हा युद्धकैद्यांचा ताबा घेण्यासाठी जी भारतीय फौज तिकडे गेली, तिचे नेतृत्व शं. पां. पा. थोरात या मराठी सेनानीकडे होते. आणि याच्याही मागे जायचे तर बाराशे-तेराशे वर्षे मागे जावे लागेल. कोरियातल्या सिल्ला राज्याचा हेचो नावाचा एक तरुण बौद्ध भिक्षू इ. स. ७२३ च्या सुमारास भारतात आला, दक्षिणेतही फिरला, आणि मध्य आशियाच्या वाटेने ७२७ मध्ये चीनच्या हद्दीत पोहोचला. त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनाचा खंडित भाग पॉल पेलिओ या फ्रेंच पंडिताला १९०८ मध्ये तुन-हुआंगच्या लेण्यांत सापडला. दक्षिणेच्या ज्या राज्याचे वर्णन हेचोने केले आहे ते बदामीच्या चालुक्यांचे असावे, असे अभ्यासक मानतात. आणि चालुक्यांच्या राज्यात आपला मुलूखही येत होता.

त्या वर्णनात जेवणासंबंधी चार ओळी आहेत. इकडचे लोक भात, भाकरी, भाजलेल्या धान्याचे पीठ, लोणी, दूध, दही खातात. मातीच्या भांड्यात शिजवतात, लोखंडी कढया वापरत नाहीत. आणि इथे मीठ आहे, पण 'जांग' नाही, असे त्याने नमूद केले आहे. जांग म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले कालवण. कोरियन घरात ते नसेल तर स्वयंपाकच नाही. हजारो कोसांवर आलेल्या विरक्त भिक्षूलाही घरच्या कालवणाची उणीव भासली! पाहुण्याच्या पानाचा इतिहास इथूनच सुरू होतो. पाहुणा स्वतःची चव बरोबर घेऊन येतो, आणि यजमानाने आपली चव त्याच्यापुढे ठेवायची की त्याचीच त्याला वाढायची, हा पेच उभा राहतो. हा पेच प्रत्येक देशाने आपापल्या स्वाभिमानाच्या मापाने सोडवला आहे.

आपल्याकडे तो इंग्रजी अमलात कसा सुटला ते पाहू. मुंबईच्या काळा घोडा भागात १८७१ मध्ये वॉटसनचे हॉटेल उघडले. इमारतीचा लोखंडी सांगाडाच मुळी इंग्लंडहून तयार होऊन आला होता. हॉटेल युरोपियनांसाठी, तेव्हा जेवणही त्यांचेच. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक तिथे उतरला. त्याच्या खोलीची व्यवस्था पाहायला आलेल्या एका धिप्पाड जर्मन माणसाने एका हिंदी नोकराच्या, काही चूक झाली म्हणून, जबड्यावर ठोसा दिला. आणि नोकराने तो मुकाट्याने सोसला. ट्वेनने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याला आपले बालपण आठवले, कारण तो अमेरिकेच्या गुलामगिरीच्या मुलखात वाढला होता. त्याच वर्षी ७ जुलैला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली. तो दिवस सर्वांना ठाऊक आहे. तो ठोसा फारसा कुणाला ठाऊक नाही.

पुढे १९०३ च्या १६ डिसेंबरला जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजींनी ताज बांधले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत. ते काही असो. ताजचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुशिल्पज्ञाने आणि मिर्झा यांनी केला, आणि पुरा केला चेंबर्स या इंग्रजाने. पहिल्या दिवशी हॉटेलात अवघे १७ पाहुणे होते. इमारतीचा मालक हिंदी, तिची कल्पना हिंदी. पण पानावरचे पदार्थ युरोपीय. हिंदी माणसाने जगातल्या उत्तम हॉटेलांच्या तोडीचे हॉटेल बांधून दाखवले, हा स्वाभिमानच होता. मात्र तो भिंतींपर्यंत आला आणि मुदपाकखान्याच्या दाराशी थबकला.

त्या मुदपाकखान्यात कोण होते? बहुतेक गोव्याची माणसे. आगबोटींवर स्वयंपाकी आणि खानसामे म्हणून काम करणाऱ्या गोवेकरांनी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावाचे 'कूड' काढले होते. एका मोठ्या खोलीत गावच्या माणसांनी पथारी टाकायची, ट्रंक ठेवायची, बोट लागेपर्यंत राहायचे. या कुडांतून मुंबईच्या हॉटेलांना आचारी मिळाले. फ्रेंच सूप, इंग्लिश रोस्ट, इटालियन आइस्क्रीम हे सारे त्यांच्या हातून झाले. पाहुणा म्हणे, फ्रेंच जेवण उत्तम होते! ते करणारा मडगाव-म्हापशाकडचा असे, आणि रात्री कुडात परतून स्वतः मात्र कढी-भात जेवत असे.

आता याच काळातले सेऊल पाहा. कोरियाचे शेवटचे राजघराणे मोडकळीस आले होते. १९१० मध्ये जपानने तो देश गिळला. राजवाड्याचा मुदपाकखाना उघड्यावर पडला. आन सुन-ह्वान या दरबारी भोजनाधिकाऱ्याने त्या सुमारास म्योंगवोलग्वान नावाचे भोजनगृह काढले आणि राजवाड्यातले पदार्थ पैसे देणाऱ्यासाठी, अंमलदारांसाठी, परदेशी पाहुण्यांसाठी वाढायला आरंभ केला. म्हणजे आपल्याकडे ताजमध्ये परक्याचे जेवण हिंदी हातांनी होत होते, तेव्हा तिकडे गुलाम होऊ घातलेल्या देशाचे शाही जेवण विक्रीला निघाले होते. पण एक गोष्ट विसरता येत नाही. १ मार्च १९१९ रोजी कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचण्यासाठी देशाचे पुढारी जमले ते ताएह्वाग्वान येथे, म्हणजे याच भोजनगृहाच्या शाखेत. जाहीरनाम्यावर ३३ सह्या होत्या. २९ जण हजर होते. त्यांनी जाहीरनामा वाचला, स्वतःहून पोलिसांना कळवले आणि अटक करून घेतली. आमच्या निजामी मुलखातल्या जुन्या सत्याग्रह्यांना हा प्रसंग मनापासून आवडला असता.

स्वातंत्र्य १९४५ मध्ये आले, पण फाळणीसह. आणि १९५० ते ५३ च्या युद्धाने होते नव्हते ते धुऊन नेले. अमेरिकन छावणीतून आलेले डबाबंद मांस, सॉसेज, जे मिळेल ते तिखटाच्या कालवणात टाकून लोक पोट भरीत. त्या पदार्थाला आजही 'बुदे जिगे', म्हणजे पलटणीची आमटी, असेच म्हणतात. तांदूळ इतका अपुरा होता की १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारने भातात सातू मिसळण्याची सक्ती केली, आणि शाळाशाळांतून मास्तर मुलांचे डबे उघडून निव्वळ भात तर नाही ना, हे तपासू लागले. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो ज्वारी त्यांनी खाल्ली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडता फोडता सुकडी खाल्ली आहे. उपासमारीचे पदार्थ सर्व देशांत सारखेच असतात. भेद पडतो तो पुढे, त्या आठवणींचे काय करायचे इथे.

या कथेतला कळीचा काळ म्हणजे १९७०-७१ चा हिवाळा. सेऊलमध्ये त्या एका हिवाळ्यात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही आम्ही शेजारी शेजारी ठेवून सांगणार आहोत.

पहिली गोष्ट हान हुई-सुन या बाईची. ती तेरा वर्षांची असताना राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दाखल झाली आणि तिने शेवटच्या राजांना जेवू घातले. राज्य गेले, राजे गेले. तिच्या हातात मात्र त्या स्वयंपाकाची सारी रीत राहिली. १९४० च्या दशकात ह्वांग हे-सोंग ही तरुण अध्यापिका तिच्याकडे गेली, आणि सुमारे तीस वर्षे तिच्या हाताखाली शिकत राहिली. म्हातारी अंदाजाने मूठभर टाकी, ही ते मोजून लिहून ठेवी. १९५७ मध्ये त्या पाककृतींचे पुस्तक निघाले, तेव्हा त्यावर लेखिका म्हणून त्या स्वयंपाकिणीचेही नाव होते. १९७०-७१ च्या हिवाळ्यात कोरियन सरकारने राजवाड्याची पाककला राष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केली, आणि तिची पहिली अधिकृत धारक म्हणून हान हुई-सुन हिची नोंद केली. देऊळ नव्हे, मूर्ती नव्हे, ताम्रपट नव्हे; एका स्वयंपाकिणीचे हात हाच राष्ट्रीय ठेवा! हे शहाणपण सुचायला देश श्रीमंत असावा लागत नाही. कोरिया तेव्हा गरीबच होता. त्यानंतर जेमतेम वर्षभरात ती बाई वारली. ठेवा हातचा गेला नाही, तो एवढ्या थोड्या अवधीने.

दुसरी गोष्ट जोन ते-इल याची. तो सेऊलच्या प्योंगह्वा बाजारात कपडे शिवणारा कामगार. बुटक्या, कोंदट माळ्यांवर बारा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाला चौदा-पंधरा तास शिवणकाम करीत. त्या उपाशी असत, म्हणून हा आपले बसभाड्याचे पैसे खर्चून त्यांना पाव घेऊन देई आणि स्वतः मैलोगणती पायी घरी जाई. कामगार-कायदा पुस्तकात होता, बाजारात नव्हता. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने भर बाजारात अंगावर तेल ओतून पेटवून घेतले. आम्ही यंत्रे नाही, कायदा पाळा, एवढेच त्याचे मागणे होते. वय वर्षे २२. कोरियातली स्वतंत्र कामगार-चळवळ आपला आरंभ त्या दिवसापासून मोजते.

एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, राजाच्या जेवणाला मान मिळाला आणि उपाशी मुलींसाठी एक शिंपी जळला. आजचे नामांकित कोरियन भोजन या दोन्ही गोष्टींवर उभे आहे. परंतु पाहुण्यांना पहिलीच सांगितली जाते.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९८८ च्या ऑलिंपिकच्या वेळी कोरियन सरकारला आपल्या जेवणाची थोडी लाजच वाटत होती. परदेशी पाहुण्यांना दिसू नये म्हणून कुत्र्याच्या मांसाची भोजनगृहे मुख्य रस्त्यांवरून हटवली, फेरीवाले हुसकले. अवघ्या वीस वर्षांत वारे फिरले. २००८-०९ मध्ये सरकारने 'हान्सिक', म्हणजे कोरियन जेवण, जगात पहिल्या पाचांत नेण्याची मोहीम जाहीर केली. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिच्या प्रमुखांत होत्या. पैसा पुष्कळ ओतला. न्यू यॉर्कला सरकारी मदतीने एक भव्य भोजनगृह काढण्याचा बेत होता, पण चालवायला कुणी पुढे आले नाही आणि तो बारगळला. सरकारी फर्मानाने चव पसरत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

ती पसरवली एकेकट्या आचाऱ्यांनी. यिम जंग-सिक या तरुणाला स्वयंपाकाची गोडी लष्करी नोकरीत भटारखान्यावर असताना लागली. त्याने २००९ मध्ये सेऊलला आणि २०११ मध्ये न्यू यॉर्कला 'जंगसिक' काढले. मिशलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी ती भोजनगृहांना तारे देते आणि तीन तारे म्हणजे परमावधी. २०१६ च्या अखेरीस तिची सेऊलची पहिली पुस्तिका निघाली, तेव्हा दोन भोजनगृहांना तीन तारे मिळाले आणि दोन्ही कोरियन पद्धतीची होती. २०२४ च्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या जंगसिकला, २०२५ च्या फेब्रुवारीत सेऊलच्या 'मिंगल्स'ला तो मान मिळाला.

या पंगतीत असते तरी काय? दहा-बारा लहान लहान वाढपे, हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांतून. प्रत्येकाबरोबर त्याची कूळकथा : हे आंबवण किती वर्षांचे, ही वनस्पती कोणत्या डोंगरावरची. न्यू यॉर्कच्या 'अटोमिक्स'मध्ये तर प्रत्येक पदार्थाबरोबर एक छापील कार्ड देतात; त्यावर पदार्थाचे मूळ कोरियन नाव असते. मिंगल्सचा गाजलेला गोड पदार्थ कशाचा आहे? डोएनजांग, गांजांग, गोचुजांग या तीन आंबवणांचा. ज्या जांगची उणीव हेचोला भासली, गरिबाच्या घरी परसात माठात मुरणारे तेच कालवण आता दुधाच्या गोडात मिसळून जगप्रवाशापुढे येते. परका पदार्थ आपल्या हातांनी करणे ही एक पायरी. आपला पदार्थ आपल्याच नावाने पुढे ठेवणे ही त्याच्या पुढची पायरी. कोरियाने ही दुसरी पायरी गाठली आणि पाहुण्याला आपल्या चवीपर्यंत चालत आणले.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. अशी भोजनगृहे नफ्यावर क्वचितच चालतात. मागे बडी कंपनी असावी लागते. पहिल्याच वर्षी तीन तारे मिळवणारे 'गाओन' एका कुंभारकामाच्या उद्योगाने चालवले होते. ते २०२३ च्या आरंभी बंद झाले. आणि सेऊलच्या साध्या खाणावळींत ज्या प्रौढ बाया राबतात, त्यांतल्या पुष्कळ चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या आहेत. गिऱ्हाईक त्यांना 'इमो' म्हणून हाक मारते. इमो म्हणजे आईची बहीण. श्रोतेहो, हा शब्द वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटले. आपणही स्वयंपाकाच्या बाईला मावशीच म्हणतो! नाते द्यायचे आणि नाव विचारायचे नाही, ही रीत तिकडचीही आणि इकडचीही.

त्या मावशीच्या मागोमाग आपण पुन्हा मुंबईला, गिरणगावात येऊ. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी-कामगार बिऱ्हाड गावी ठेवून एकटा राही. त्याला दोन वेळा जेवू घालीत त्या खाणावळवाल्या बाया. महिन्याच्या बोलीवर डबा. पगार झाला की हिशोब. संप झाला की उधारी. वाण्याचे आणि सावकाराचे व्याज मात्र थांबत नसे. म्हणजे मुंबईच्या प्रत्येक मोठ्या संपाचा खरा निधी या बायांच्या चुलीपाशी होता, आणि संपाच्या इतिहासात त्यांची नावे शोधून सापडत नाहीत. ही गोष्ट ओळखली प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेली, कामगार-चळवळीत वाढलेली ही कार्यकर्ती. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, खाणावळवाल्यांना संघटित केले, बँकांकडून कर्जे मिळवून दिली आणि सावकाराचा फास सैल केला. कोरियन सरकारने राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीला ठेवा म्हटले. प्रेमाताईंनी चाळीतल्या स्वयंपाकिणीला कामगार म्हटले. दुसरे काम पहिल्याहून हलके होते, असे आम्हांला वाटत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी-संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. भोंगे थांबले, खाणावळी विझल्या, जमिनींचे भाव चढले. आणि आता पाहा. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात २०१५ मध्ये 'बॉम्बे कॅन्टीन' निघाले. त्यामागे होते मूळ गोवेकर घराण्यातले फ्लॉइड कार्डोझ. १९९८ मध्येच त्यांनी न्यू यॉर्कच्या 'तबला'मध्ये भारतीय चवीला नव्या रीतीने मानाचे पान मिळवून दिले होते. २०२० च्या मार्चमध्ये कोविडने ते गेले. महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात २०१६ मध्ये 'मास्क' निघाले. सेऊलसारखीच दहाएक वाढप्यांची पंगत, देशी धान्य, देशी रानभाज्या, स्वतः केलेली आंबवणे. २०२३ मध्ये आशियातल्या उत्तम पन्नास भोजनगृहांच्या यादीत ते सोळावे आणि भारतात पहिले ठरले. परदेशी प्रवासी आता मुंबईत उतरतो तो केवळ फ्रेंच सूप मागायला नव्हे. या भूमीचे काय आहे ते दाखवा, असे म्हणतो.

याचा आम्हांला आनंद आहे, हे मोकळेपणाने सांगतो. फाळणीनंतर दिल्लीहून तंदूर निघाला आणि मोठ्या हॉटेलांत 'भारतीय जेवण' म्हणजे मोगलाई आणि पंजाबी, असे समीकरण झाले. भाकरी, पिठले, अंबाडी यांना मानाच्या पंगतीची दारे बंद होती. ती आता किलकिली होत आहेत. ज्या तरुण आचाऱ्यांनी ती ढकलली त्यांचे कौतुक केले पाहिजे. पण गिरणीच्या ज्या आवारात एके काळी खाणावळीचे डबे येत, तिथे आज देशी जेवणाची कूळकथा सांगितली जाते आणि त्या कथेत खाणावळवाली नसते. पदार्थाचे गाव सांगतात, धान्याचे वाण सांगतात; हात सांगत नाहीत. ताटली घासणाऱ्या आमच्या मुलाला काय होते ते कळले नाही, ते याच रीतीने.

हॉटेल-कामगार नावाचा माणूस काय योग्यतेचा असतो, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जगाने पाहिले. ताजमध्ये किमान ३१ जण मारले गेले; त्यांतले सुमारे एक तृतीयांश हॉटेलचेच कर्मचारी होते. मुदपाकखान्यातल्या माणसांनी आपल्या अंगाचे कवच करून पाहुण्यांना बाहेर काढले. वॉटसनच्या खोलीत ठोसा सोसणारा नोकर आणि ताजच्या जिन्यात गोळी झेलणारा आचारी, या दोघांमध्ये ११२ वर्षे आहेत. या ११२ वर्षांत जे बदलले ते कुणाच्या कृपेने नव्हे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने उपाहारगृहातल्या माणसाला कामाचे तास आणि सुट्टीचा हक्क दिला. जॉर्ज फर्नांडिसांसारख्यांनी पन्नास-साठच्या दशकांत हॉटेलांतल्या पोऱ्यांना युनियनचे सभासद केले. तरीही आज कंत्राटी मुलगा कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच उभा असतो.

मग मुखेडने काय करावे? आपल्याकडे राजवाडा नाही आणि तारे देणारी कंपनीही इथे येणार नाही. परंतु हान हुई-सुन घरोघर आहेत. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, करडीच्या तेलाची फोडणी, हे सारे ज्यांच्या मुठीच्या मापात आहे अशा म्हाताऱ्या आपल्या गल्लीत बसल्या आहेत. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी स्वयंपाक घरोघर पोहोचवला. तसेच मोजमाप आपल्या या कोरडवाहू स्वयंपाकाचे झाले पाहिजे. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनी वही-पेन्सिल घेऊन आपल्या आजीपाशी बसावे, आणि प्रत्येक कृतीखाली तिचे नाव, गाव आणि जन्मवर्ष लिहावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले; मोठ्या शहरांत ज्वारीला भाव आला. उद्या अजिंठा-वेरूळला येणाऱ्या कोरियन यात्रेकरूपुढे आपली ज्वारी मानाने जाईल. जावी. पण ती पिकवणाऱ्याच्या, रांधणाऱ्याच्या आणि ताट घासणाऱ्याच्या नावासकट जावी, आणि रास्त मजुरीसकट जावी. मुंबईला जाणाऱ्या आपल्या मुलांनीही एवढे करावे : आपण काय वाढतो आणि काय घासतो, ते विचारावे, आणि विचारण्याची हिंमत एकट्याला होत नसेल तर चौघांनी मिळून विचारावे. युनियन म्हणजे यापेक्षा फार वेगळे काही नसते.

पाहुण्याला जेवू घालणे आपल्याला कुणी शिकवायला नको. लातूर, धाराशिव आणि आपल्या या भागात वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, घरी कुणी जेवत नाही. शेतात कडब्याची कोप करतात, पांडव मांडतात. भज्जी, उंडे आणि बिंदग्यातली आंबील घेऊन सारे कुटुंब शेतात जाते, आणि वाटेने जाणाऱ्याला, तो ओळखीचा असो वा नसो, हाक मारून जेवायला बसवतात. मातीच्या भांड्यातले आंबवलेले ज्वारीचे पेय! हेचो आपल्या मुलखातून जात असता असे कुणी त्याला हाक मारून बसवले असते, तर जांगची उणीव त्याला थोडी कमी भासली असती, असे आम्हांला वाटते. त्या पंगतीत रांधणारी, वाढणारा, शेतात राबणारा सालदार आणि वाटसरू एकाच बांधावर जेवतात, आणि काय जेवतो आहोत हे सगळ्यांना ठाऊक असते.

मोरीवर उभ्या असलेल्या त्या मुलाला आम्ही पुढे त्या चौदा ताटल्यांतल्या पदार्थांची नावे एका कागदावर लिहून पाठवली. त्याचे उत्तर आले : "काका, आता घासताना कळतंय."